साहेब, रजिस्टरात मी गैरहजर आहे

मा. केंद्रीय विधी व न्याय मंत्री, भारत सरकार, यांस,
स. न. वि. वि.

मी बेळगावचा, उद्यमबागेत लेथवर काम करतो. गेल्या शनिवारी दुपारी 3 ते 5 मला माझ्या मुलाला भेटायचं होतं, सीमेपलीकडच्या एका न्यायालयाच्या आवारात. अंतरिम आदेशाने महिन्यातून दोनदा एवढंच मिळालंय. त्या दिवशी सीमेवर पुन्हा काहीतरी बिनसलं आणि दोन्हीकडच्या गाड्या बंद. वडापच्या जीपने बाचीपर्यंत गेलो, शिनोळीपर्यंत चाललो, पुढे एका टेम्पोवाल्याने घेतलं. पोचलो तेव्हा 4 वाजून 20 मिनिटं. मुलाची आई चारला निघून गेली होती. तिला दोष देत नाही, तिलाही मूल घेऊन घर गाठायचं होतं. शिपायाने रजिस्टर पुढे केलं. माझ्या नावासमोर शब्द होता, 'गैरहजर'. कुंद्याचा डबा तसाच घरी आणला.

पुढच्या तारखेला समोरचे वकील हा शब्द मोठ्याने वाचतील. याआधी एकदा वाचलाय.

कायद्याने मी कोण आहे, हे आपल्याला माहीत असणारच. 1956 च्या कायद्यानुसार हिंदू मुलाचा नैसर्गिक पालक बाप, त्याच्यानंतर आई. पण पाच वर्षांपर्यंत मूल सामान्यतः आईकडे. आम्ही वेगळे झालो तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता. आईकडे राहिला, बरोबरच होतं ते. मी ताब्याचा अर्ज इकडे बेळगाव जिल्ह्यात केला. हरकत आली, की 1890 च्या कायद्याप्रमाणे मूल जिथं नेहमी राहतं तिथल्या जिल्हा न्यायालयातच अर्ज चालतो आणि मूल आता चंदगड तालुक्यात आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं कलम! हरकत योग्य की अयोग्य हे ठरायला दीड वर्ष गेलं. अर्ज परत मिळाला, पलीकडे नव्याने घातला. इकडचे कागद कानडीत, त्यांची मराठी भाषांतरं करून जोडली, पानामागे पैसे मोजून.

घटस्फोटाचा दावा मात्र इकडेच राहिला. तो पलीकडे नेण्यासाठी तिने अर्ज केला, तो थेट दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयात. राज्याबाहेर दावा हलवायचा तर दुसरं दारच नाही म्हणतात. साहेब, तिच्या गावचे लोक आठवड्याचा बाजार बेळगावात करतात. भाजी घेऊन दुपारी घरी जेवायला जातात. त्या अंतराचा न्याय मागायला आम्ही दोघांनी दिल्लीत वकील दिले. तिने भावाकडून पैसे घेतले, मी सोसायटीचं कर्ज काढलं.

सगळ्या मिळून तारखा 41 झाल्या. 43 ही असतील, डायरीची दोन पानं भिजलीत.

आणि आता मुलगा नऊ वर्षांचा आहे. आता सांगतात, तो तिथं रुळलाय, शाळा तिथं, मित्र तिथं, त्याला हलवणं त्याच्या हिताचं नाही. खरं आहे! पण रुळला कसा? तारखांनी रुळवला. चौथ्या वर्षी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नवव्या वर्षी द्यायचं आणि तोवर काळाने जे केलं त्यालाच मुलाचं हित म्हणायचं, तर न्यायाधीश कशाला हवेत, कॅलेंडर पुरे की. बँकेच्या फॉर्मवर सही हवी असली की मी नैसर्गिक पालक, शाळेच्या गॅदरिंगला मात्र परका माणूस.

आईबाप दोघांनाही ताबा देता येईल अशी तरतूद करा, असं आपल्याच विधी आयोगाने 2015 साली 257 व्या अहवालात सांगितलं. माझा मुलगा तेव्हा जन्मलाही नव्हता. तो चौथीत गेला, अहवाल कुठल्या इयत्तेत आहे?

मागणं मोठं नाही. गाड्या बंद असल्या तर हुकलेली भेट पुढच्या शनिवारी आपोआप मिळावी. भेटीला एक खोली असावी. आम्ही बसतो त्या बाकासमोरून बेड्या घातलेले आरोपी नेतात, मुलगा त्यांनाच बघत राहतो. मे महिन्यात न्यायालयाला सुट्टी म्हणून भेट बंद असते, आणि त्याच महिन्यात पोराची शाळाही बंद असते. हे कुणाच्या डोक्यातून आलं?

पण कुणाला सांगतोय मी? 1 नोव्हेंबरला काळा दिवस पाळणाऱ्या घरात वाढलो. आमचा मुलूख कुणाकडे राहणार, हा दावा 2004 पासून त्याच दिल्लीच्या न्यायालयात आहे. इकडचं सरकार दर हिवाळ्यात बेळगावला अधिवेशन भरवतं, तिकडचं निषेध करतं, आणि दोघांच्या भांडणात पहिली गाडी माझी बंद होते. दोन्हीकडचे पुढारी मात्र गोव्याला कुठल्या गाडीने जातात ते विचारू नये.

मागच्या भेटीत पोराने विचारलं, "बाबा, पाच वाजले की ते काका स्वतःच येतात की आपण जायचं?" भेट संपल्याचं सांगायला शिपाई येतो, त्याच्याबद्दल विचारत होता. घड्याळ बघायला तो त्या बाकावर शिकलाय.

उत्तर धाडणार असाल तर मराठीत धाडा. भाषांतराला आता पैसे नाहीत.

आपला,
उद्यमबागेतला एक टर्नर,
बेळगाव