बंड्याच्या डॉक्टर मॅडमना, मनापासून

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

हे तुमच्या तोंडावर बोलायला गेलो असतो तर "अहो त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही पुढच्या गायीकडे वळला असता, म्हणून लिहितोय. आणि सगळ्यांना दिसेल असं लिहितोय, कारण ज्यांच्या घरी नाजूक पोटाचं कुत्रं आहे त्यांना हे कळायला पाहिजे, आणि खरं सांगायचं तर ज्यांनी आधी आम्हाला वाऱ्यावर सोडलं त्यांच्यापर्यंत पोचलं तरी बरंच आहे.

बंड्या, आमचा कुत्रा, 24 किलोचा गडी. तुमच्याकडे आणला तेव्हा 18 वर आलेला. बरगड्या दिसत होत्या. सारखे जुलाब, शीमध्ये चिकट शेंबडासारखं काहीतरी, पहाटे पिवळी उलटी, कान आतून लालभडक आणि पंजे चाटून चाटून तांबडे झालेले. शहरातल्या एका मोठ्या क्लिनिकमध्ये नेत होतो, नाव घेत नाही, तिथे एसी, सोफे, सगळं चकाचक आणि दरवेळी तेच, इंजेक्शन, अँटिबायोटिक आणि निघताना काउंटरवरून एक महागडं पाकीट. गोळ्या चालू तोवर बरा, गोळ्या संपल्या की परत तेच. आईने एकदा धीर करून विचारलं की डॉक्टर, याला घरी नक्की काय शिजवून घालू, तर मोबाईलमधून मान वर न करता उत्तर आलं, चिकन-राईस द्या. आणि तिथल्याच दुसऱ्या एकाने ऐकवलं की तुम्ही गावाकडची माणसं दूध-पोळी घालता आणि मग आमच्याकडे येता. आई दूध-पोळी घालत नव्हती हो. त्यांनी सांगितलेलं चिकन आणि भातच चालू होता. ती त्या दिवशी घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही, ते मला अजून विसरता येत नाही.

मग कुणीतरी म्हणालं तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात दाखवा. आम्हाला वाटलेलं तिथे गाई-म्हशी, लाळ्या-खुरकुताच्या लसी, कुत्र्याकडे कोण बघणार. तुम्ही बघितलंत. शी तपासली, जंत नाहीत बघितलं, ते सगळं झालंच, पण त्याच्याही आधी तुम्ही विचारलंत, "घरात स्वयंपाक कोण करतं, आणि बंड्याचं कोण करतं?" इतक्या महिन्यांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आईने सांगितलं की माझ्या गळ्यात माळ आहे, मी चिकनला हात लावत नाही, ते हे मागच्या पडवीत वेगळ्या शेगडीवर उकडतात, भात मी लावते. तुम्ही हसला नाहीत. शाकाहारी घरात कुत्रं कशाला पाळता असं पण म्हणाला नाहीत (हे आम्ही ऐकलेलं आहे). "मग आपण दोघांचं काम वाटून देऊ" एवढंच म्हणालात.

आणि मग तुम्ही सांगितलंत की सगळे जे औषध म्हणून देतायत तेच कदाचित त्याला बाधतंय. चिकन! आम्ही तुमच्याकडे बघतच राहिलो. पोट बिघडलं की चिकन-भात हे इतकं पाठ झालंय सगळ्यांना की चिकनचीच ॲलर्जी असू शकते हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. तुम्ही समजावलंत की कुत्र्यांना खाण्याची ॲलर्जी असते ती बहुतेक वेळा बीफ, दूध, चिकन आणि गहू यांची, म्हणजे जे वर्षानुवर्षं पोटात जातं त्याचीच, आणि त्या महागड्या पाकिटावर पण बारीक अक्षरात चिकनच लिहिलेलं होतं. म्हणून त्याने आयुष्यात कधी न खाल्लेलं काहीतरी द्यायचं. आमच्याकडे उजनी धरणातली चिलापी (तिलापिया मासा) कायम मिळते आणि बंड्याने ती कधी तोंडात घेतलेली नव्हती, झालं ठरलं. चिलापी, भात, लाल भोपळा. आठ आठवडे दुसरं काही म्हणजे काही नाही, शेजारच्यांचं ग्लुकोज बिस्कीट नाही, पोळीचा तुकडा नाही, जंताची मांसाच्या चवीची गोळी असते ती सुद्धा नाही.

पण मॅडम, मला खरं लिहायचंय ते वाटीचं.

तुम्ही ग्रॅममध्ये लिहून दिलं होतंत आणि आई त्या कागदाकडे नुसती बघत होती. तिच्याकडे काटा नाही, तिचं सगळं माप वाटीचं. मी म्हणणार होतो की मी बघतो, मोबाईलमध्ये काढतो. तेवढ्यात तुम्हीच म्हणालात, "मावशी, उद्या तुमची तांदळाची वाटी घेऊन या." दुसऱ्या दिवशी आई ती वाटी पदरात गुंडाळून घेऊन आली, सोबत पुडीत तांदूळ. तुम्ही दवाखान्यातनं उठलात, बाहेर दोन म्हशी थांबलेल्या होत्या, त्यांच्या मालकाला "पाच मिनिटं हं दादा" म्हणालात आणि वाटी हातात घेऊन स्वतः समोरच्या किराणा दुकानात गेलात. काट्यावर वाटीभर तांदूळ मोजलात. 130 ग्रॅम. मग भोपळ्याच्या फोडी किती घ्यायच्या ते दुकानदाराकडचाच भोपळा चिरून वाटीत घालून दाखवलंत, आणि वाटीला आतून जिथपर्यंत फोडी यायला पाहिजेत तिथे खिळ्याने बारीक रेघ ओढलीत. आईला विचारून ओढलीत, "वाटीला ओरखडा पडेल, चालेल ना?" असं. त्या मोठ्या क्लिनिकमध्ये जिला अडाणी ठरवलं होतं त्या बाईला तुम्ही वाटीला रेघ ओढायची परवानगी विचारलीत. मी तिथे दुकानाच्या पायरीवर उभा होतो, मला काही बोलता आलं नाही, आत्ता लिहितानाही जड जातंय.

त्या दिवसापासून आई बंड्याचं जेवण चुकवत नाही आणि घाबरत पण नाही. सव्वा वाटी तांदूळ भरपूर पाण्यात अगदी गुरगुट्या शिजवते, भोपळा त्यातच. मीठ-हळद काही नाही आणि कांदा-लसूण तर जवळपास पण नाही, कारण कांदा-लसूण कच्चा असो की शिजवलेला, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटतात हे तुम्ही तिला नीट सांगितलंय, आणि आता ती गल्लीत कुणी कुत्र्याला मटणाचा रस्सा ओतताना दिसलं की थांबवते. बाबा पडवीत 300 ग्रॅम चिलापी वाफवतात, मासेवाली काटे काढून देते तरी शिजल्यावर बोटांनी चाचपून परत एकदा बघतात. गार झाल्यावर दोन चमचे तेल आणि तुमची कॅल्शियम-व्हिटॅमिनची पावडर. ती पावडर मला आधी फालतू वाटली होती, घरचं ताजं अन्न आहे मग पावडर कशाला. तुम्ही सांगितलंत की नुसत्या मांस-मासळीत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच, मग शरीर ते हाडांतून ओढतं, आणि अमेरिकेत डेव्हिसच्या विद्यापीठाने 2013 मध्ये पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या 200 घरगुती रेसिपी तपासल्या तर 95 टक्क्यांत काही ना काही कमी निघालं. म्हणून वाचणाऱ्यांना हात जोडून सांगतो, हे माप बंड्याचं आहे, तुमच्या कुत्र्याचं तुमच्या डॉक्टरांकडून काढून घ्या.

पहिल्या काही दिवसांतच शी बांधून यायला लागली. पंजे चाटणं थांबायला वेळ लागला. आठ आठवड्यांनी तुम्ही सांगितलंत तसं मुद्दाम थोडं चिकन दिलं, आणि परत जुलाब, परत खाज, मग शंकाच राहिली नाही. चिकन बंद ते बंदच. आता तो 23 किलोच्या वर आहे आणि संध्याकाळी बाबांच्या सायकलच्या पुढे पळतो.

मॅडम, डिग्री त्या लोकांकडे पण होती, मशिनं तर तुमच्यापेक्षा दहापट. तुम्हाला वेळ कमी, पगार सरकारी, दारात कायम जनावरांची रांग, खुर्चीची एक बाजू मोडलेली. तरी समोरच्या माणसाच्या घरात काय आहे, त्याला काय झेपेल, हे विचारायला तुम्हाला वेळ मिळाला. मी आता जिथे जाईन तिथे हेच बघतो, बँकेत, हॉस्पिटलात, शाळेत, की समोरचा माणूस आईसारख्या बाईशी कसा बोलतो. चांगली माणसं आहेत मॅडम, तुमच्यामुळे परत वाटायला लागलंय, पण ती अशीच कुठेतरी दोन म्हशींच्या मध्ये सापडतात आणि त्यांच्याबद्दल कुणी चार ओळी लिहीत नाही.

पुढच्या महिन्यात रेबीजच्या लसीला बंड्याला घेऊन येतोय. आई पण येणार आहे. तिला तुमची ओटी भरायची आहे, खण-नारळ आणून ठेवलाय तिने, तर कृपा करून त्या दिवशी "अहो कशाला" म्हणू नका.

तुमचा,
बंड्याचा दादा