इर्जिक

मुलुंड, २६ नोव्हेंबर

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

रोज फोनवर बोलतो, मग पत्र कशाला, असं बाबा म्हणतील. पण फोनवर आई 'सोन्या कसा आहे' विचारते, मी 'बरा आहे' म्हणते, मग आपण दोघी रडतो आणि सांगायचं ते राहून जातं. शिवाय यातलं काही पलीकडच्या आजीला, सोन्याच्या आजीला, वाचून दाखवायचं आहे. तिला फोनवरचं ऐकू येत नाही.

आधी बातमी. सोन्याच्या उपचारांचा पहिला महिना पार पडला. परवा हाडातला मगज तपासला, त्यात कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत. पलीकडचा दादा, सोन्याचा बाप, ओपीडीबाहेर भेटला तेव्हा त्याचे हात थरथरत होते. "रिपोर्ट निल आला ताई. आता जावं म्हणतो गावाकडं. कापूस बोंडातच लोंबायलाय."

तो एवढा खुशीत होता की मला काही बोलवेना. ते काम सोशल वर्कर मॅडमनी केलं. बाई मूळच्या लातूरकडच्या. त्यांनी विचारलं, "दादा, रान खुरपलं की हरळी संपते का हो?" दादा म्हणाला, "कुठं संपती! काशा राहत्यात की खाली." "मग तसंच समजा," त्या म्हणाल्या. अजून सहा-आठ महिने जोराचे केमो, त्यानंतर घरी रोजच्या गोळ्या आणि अधूनमधून तपासणी. सगळं धरून अडीच वर्षं. आकडा ऐकून तो भिंतीला टेकून खालीच बसला.

हे पत्र त्या अडीच वर्षांसाठी आहे.

गावात सगळ्यांना वाटतं की कॅन्सर म्हणजे पोरगं गेलंच. तसं नाही. श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या शंभरातली ऐंशीहून जास्त मुलं बरी होतात. औषधं बरीचशी आपल्याकडेही तीच आहेत. पण आपली मुलं उशिरा पोचतात, आणि काहींचं औषध मध्येच सुटतं. सुटतं कधी, तर पोरगं चांगलं दिसायला लागतं तेव्हा. डोक्यावर केस येतात, गाल भरतात, ते खेळायला लागतं. इकडे शेत पडीक असतं, दुसरं लेकरू आजीजवळ असतं, उधारी वाढलेली असते. मग कुणीतरी पारावर म्हणतं, 'आता काय झालंय त्याला, कशाला गोळ्या चारता?' तेवढं पुरतं. बाबा, आपल्या पारावर हे वाक्य निघालं तर ते तिथल्या तिथे खोडायचं काम तुमचं. गुरुजींचा शब्द अजून चालतो.

पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले योजनेतून बराच भार हलका झाला, आणि टाटा हॉस्पिटलमध्ये मुलांच्या विभागाचा स्वतःचा निधीही आहे. खरी ओढाताण राहण्याची होती. पहिल्या चार रात्री ते तिघं जेरबाई वाडिया रोडच्या फुटपाथवर होते. मला कळलं दोन आठवड्यांनी. मी चिडले, म्हटलं माझा हॉल रिकामा असतो. दादा गप्प. नंतर वहिनी हळूच म्हणाली, "तुमच्या घरी संडासला जायची बी लाज वाटली असती." आणि खरं सांगायचं तर मुलुंड एवढ्या लांब, ते त्यांच्या कामाचं नव्हतंच. या मुलांच्या रक्तातल्या पेशींचे आकडे, म्हणजे काउंट, पडलेले असतात. रात्री ताप आला तर सकाळची वाट बघायची नसते, पॅरासिटामॉल देऊन झोपवायचंही नसतं, तडक दवाखाना गाठायचा असतो. माझा मोठेपणा तिथंच गळाला.

मग काही दिवस दादरला गाडगेबाबांच्या धर्मशाळेत जागा मिळाली. बाबा, तुम्ही वर्गात सांगायचात ना, एवढ्या धर्मशाळा बांधल्या पण स्वतः एकीतही राहिले नाहीत! मी धडा म्हणून पाठ केलेलं ते वाक्य आणि दाराशी ओळीने वाळत घातलेले चिमुकले टॉवेल यांचा संबंध मला बेचाळिसाव्या वर्षी लागला.

आता ते कॅन्सरच्या मुलांसाठी असलेल्या सेंट ज्यूड संस्थेच्या केंद्रात आहेत. २००६मध्ये लोअर परळला त्यांचं पहिलं केंद्र निघालं, आता बऱ्याच शहरांत आहेत. कुटुंबाला स्वच्छ खोली आणि सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर, भाडं नाही. मला सगळ्यात आवडतं ते स्वयंपाकघर. कुणी बंगाली बाई मोहरीच्या तेलात काहीतरी परतते, बिहारची आई लिट्टी भाजते, मध्ये आपली वहिनी भाकरी थापते. भाषा एकीचीही दुसरीला येत नाही, पण कुणाच्या मुलाचे काउंट किती आहेत ते सगळ्यांना पाठ. सोन्याला स्टेरॉइडमुळे राक्षसासारखी भूक लागायची. रात्री दोनला उठून वरणभात मागायचा, दिला की म्हणायचा, भाकरी. वहिनी उठायची, शेजारची बंगालीण पण उठायची. मी एका आठवड्याच्या पाहुणचारात दमले असते.

मी पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा किलोभर द्राक्षं नेली होती. वहिनीने हसून बाजूला ठेवली. पातळ सालीचं फळ सध्या चालत नाही. केळं, संत्रं अशी सोलून खायची फळं चालतात, पाणी उकळूनच. तेव्हापासून मी आधी विचारते. तुम्हीही विचारा. आई, तू पाठवलेला काढा मी दिलेला नाही. महिनाभर तुला खोटं सांगितलं. या औषधांचा लिव्हरवर आधीच ताण असतो, वर काय पडतंय ते डॉक्टरांना कळायला हवं म्हणून त्यांनी बाहेरचं काहीच देऊ नका असं बजावलंय. बाटली माझ्या फ्रिजमागे आहे. रागव हवं तर.

आणखी एक लपवलेली गोष्ट. मी दोनदा प्लेटलेट दिल्या. घाबरू नको, रक्त परत अंगातच येतं, मशीन फक्त प्लेटलेट काढून घेतं, तास-दीड तास लागतो. प्लेटलेट पाच दिवसांच्या वर टिकत नाहीत, म्हणून आधीपासून साठवता येत नाहीत. दिवाळीत लोक गावाला गेले आणि देणारा मिळेना, तेव्हा ऑफिसातून चौघांना घेऊन गेले. एकाचं वजन पन्नासच्या खाली भरलं, त्याला परत पाठवलं. बिचारा खिन्न झाला.

आता तुमचं काम.

बाबा, मला आठवतं, आजोबांचा पाय मोडला त्या साली गावाने आपल्या रानात इर्जिक घातली होती, सगळे मिळून बिनमजुरीने राबले होते. एका दिवसात पेरणी आटोपली होती आणि आईने पुरणाचा घाट घातला होता. दादाच्या तीन एकरातला कापूस तसाच वेचता येणार नाही का? मजुरी देऊन वेचून घ्या म्हणाल तर दादाला ते देणं वाटेल, तो फोन उचलायचा बंद होईल. इर्जिक म्हटलं तर ती गावाची रीत आहे. जेवणाचा खर्च मी पाठवते, पण माझं नाव नको. पुढे तूर आहेच. रान उभं राहिलं तर तो इथे टिकेल, आणि तो टिकला तरच सोन्याची औषधं पुरी होतील. मुंबईतल्या मोठमोठ्या डॉक्टरांना जमणार नाही असं हे एकच काम आहे, आणि ते आपल्या पांदीच्या टोकाला होणार आहे.

दुसरं सोन्याच्या बहिणीचं, ताईडीचं. ती सातवीत आहे आणि तीन आठवडे शाळेत गेलेली नाही, हे मला तिच्या वर्गातल्या एका मुलीच्या आईकडून कळलं. आजीचे गुडघे, गुरं, धुणं, सगळं तिच्यावर. वहिनीला यातलं काही सांगितलेलं नाही. परवा ताईडीने मला एकटीने फोन केला. बराच वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "आत्या, मी त्याला पोळ्याच्या दिवशी ढकललं होतं. त्याच्या पायाला निळं झालं. म्हणून झालं ना त्याला?"

बाबा, ते निळे डाग आजाराचेच होते. प्लेटलेट कमी झाल्या की नुसता धक्का लागला तरी रक्त साकळतं. मी तिला सांगितलं, पण माझ्यावर तिचा विश्वास बसला नाही. मी मुंबईची आत्या, मी गोड बोलणारच. तुम्ही गणित चुकलं तर सरळ चुकलं म्हणता, म्हणून तुमचं ती मानेल. तिला संध्याकाळी ओट्यावर बोलवा, अपूर्णांक घ्या, आणि अपूर्णांक घेता घेता हे सांगा. एकदा सांगून पुरणार नाही. आई, तिची वेणी तू घालत जा. आजीच्या डब्यात दोन भाकरी जास्त टाकल्या की तिला चुलीपासून सुटका मिळेल.

सोन्याला भेटायला तिला आणायचंच आहे, पण रेल्वेची सवलत पेशंटला आणि त्याच्यासोबतच्या एकाच माणसाला असते, बहिणीला नाही. देवगिरीचं तिकीट मी काढते. तुम्ही तिला घेऊन संक्रांतीच्या सुमाराला या. फक्त निघण्याआधी तिला सर्दी-खोकला नाही ना ते बघा, आणि गावात कुणाला कांजिण्या असतील तर बेत पुढे ढकलू. साधी कांजिणी या मुलांना फार महाग पडते.

गावात विचारतील, 'डॉक्टर काय म्हणाले, किती दिवस?' दादाला फोन करून हे विचारू नका, इतरांनाही विचारू देऊ नका. त्याला पाऊस किती झाला, भाव काय फुटला, ते सांगा. त्या पाच मिनिटांत तो पुन्हा शेतकरी होतो.

तुमची,
ठकी

ता. क. शाळू पाठवाल तेव्हा दळून नको, तशीच पाठवा, इथे मी गिरणीतून ताजी दळून देते. आणि सोन्या रोज विचारतो की त्यांची काळी शेळी व्याली का. मी उगीच 'हो' म्हटलं तर तो 'किती, कोणत्या रंगाची' विचारतो आणि मी पकडली जाते. ताईडीला कागदावर लिहायला सांगा, किती पिल्लं, रंग कोणता, नावं काय ठेवली, आणि त्याचा फोटो पाठवा. अक्षर तिचंच हवं, तो ओळखतो.