तडजोडीचे राष्ट्र

महोदय,

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या २५०व्या वर्षानिमित्त होणाऱ्या लेखनात, अमेरिकन राष्ट्रभावना आधीच परिपक्व होती आणि घटनेने तिला फक्त शब्दरूप दिले, असा सूर आढळतो. तो पटत नाही. १७८७ मध्ये घटना लिहिण्यासाठी फिलाडेल्फियात जमलेले प्रतिनिधी आधी आपापल्या राज्याचे होते. ऱ्होड आयलंडने तर प्रतिनिधीच पाठवला नाही.

व्हर्जिनियासारख्या मोठ्या राज्यांना नव्या संसदेत लोकसंख्येनुसार प्रतिनिधित्व हवे होते, तर समान मत नसेल तर आपली डाळ शिजणार नाही, अशी धास्ती डेलावेअर, न्यू जर्सी यांना होती. अखेर १६ जुलैला, मॅसॅच्युसेट्सचे प्रतिनिधी निम्मे-निम्मे विभागलेले असताना, पाच विरुद्ध चार राज्यांच्या मतांनी प्रतिनिधिगृह लोकसंख्येनुसार आणि सिनेट समान मतांचे, असा तोडगा निघाला. परिणामी आजही वायोमिंगच्या सुमारे पावणेसहा लाख आणि कॅलिफोर्नियाच्या जवळपास चार कोटी लोकांना सिनेटमध्ये प्रत्येकी दोनच जागा आहेत. (आपण हा कित्ता गिरवला नाही, हे बरेच झाले, राज्यसभेत महाराष्ट्राला १९ जागा आहेत, गोव्याला एक.) अमेरिकन माणूस एकाच वेळी राज्याचा आणि राष्ट्राचा नागरिक म्हणून वावरतो, त्यामागे या घासाघिशीचा मोठा वाटा आहे.

अमेरिकन घटनेच्या उद्देशिकेचीही तीच गत. ऑगस्टच्या मसुद्यात तेराही राज्यांची नावे ओळीने होती. पण नऊ राज्यांच्या मान्यतेवर घटना लागू होणार होती आणि ती नऊ कोणती, हे कोणालाच सांगता येत नव्हते. सप्टेंबरमध्ये पेनसिल्व्हेनियाचे प्रतिनिधी गव्हर्नर मॉरिस (‘गव्हर्नर’ हे त्यांचे नाव, पद नव्हे) यांच्या हातून ती यादी गेली आणि ‘आम्ही संयुक्त संस्थानांचे लोक’ आले. ज्या शब्दांवर तो देश अभिमानाने उभा आहे, त्यांत अडचणीतून काढलेली वाटही आहे.

मात्र सगळ्याच तडजोडींना शहाणपण म्हणणे मला मान्य नाही. मताचा अधिकार नसलेल्या गुलामांची लोकसंख्येत तीन-पंचमांश गणती करून दक्षिणेकडील राज्यांनी जागा वाढवून घेतल्या, गुलामांच्या आयातीवरील बंदी १८०८ पर्यंत लांबवली आणि पळालेला गुलाम मालकाच्या हवाली करण्याचे कलमही पदरात पाडून घेतले. ज्यांच्या जिवावर हा सौदा झाला, त्यांना सभागृहात जागा नव्हती. राष्ट्रीय नागरिकत्वाची स्पष्ट व्याख्या यादवी युद्धानंतर, १८६८च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने झाली. नेरूळ-वाशीतल्या कितीतरी आजी-आजोबांच्या तिकडे जन्मलेल्या नातवंडांना नागरिकत्व मिळाले ते याच दुरुस्तीच्या आधारे, फिलाडेल्फियातल्या मूळ मसुद्याच्या नव्हे.

– एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई