कोंबड्यांचे क्रेट धुतल्याशिवाय परत जाऊ नयेत

माननीय पशुपालन मंत्री,
गुजरात राज्य, गांधीनगर

सादर नमस्कार.

अन्नातून विषबाधा झाली की दोष स्वयंपाकघराला दिला जातो : चिकन नीट शिजले नसेल, हात धुतले नसतील. ते पुष्कळदा खरेही असते. परंतु साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू मुळात कोंबडीच्या आतड्यात राहतात, आणि पक्षी वरून धडधाकट दिसत असल्याने पोल्ट्रीवाल्याला त्यांचा सुगावाही लागत नाही. साल्मोनेलाचा एक प्रकार तर अंडाशयातून थेट अंड्यात उतरतो. तेथे कवच धुऊन काय साधणार?

बडोद्यातील कोंबडीच्या दुकानासमोर सकाळी टेम्पो उभा असतो, तेव्हा जरा निरखून पाहावे. विष्ठेने माखलेले प्लास्टिकचे क्रेट एकावर एक रचलेले असतात आणि वरच्या पक्ष्यांची घाण खालच्यांच्या पिसांवर पडत असते. माल उतरला की तेच क्रेट, फार तर वर बादलीभर पाणी मारून, पुन्हा टेम्पोत चढतात आणि पुढची खेप भरण्यासाठी एखाद्या शेडच्या दारात जातात. दुकानातील ओंडका, सुरी व पिसे काढण्याचे यंत्र यांच्याकडे महापालिकेने लक्ष द्यावे. क्रेटचा हा परतीचा प्रवास मात्र आपल्या खात्याने हाती घ्यावा, अशी विनंती आहे.

क्रेट आधी घासून, साबणाच्या पाण्याने धुऊन मगच जंतुनाशकात बुडवावेत, कारण घाणीच्या थरावर ओतलेले जंतुनाशक वाया जाते. त्यानंतर ते पूर्ण वाळवावेत. कॅम्पिलोबॅक्टरला कोरडेपणा मानवत नाही, आणि ऊन आपल्याकडे फुकट आहे.

याच्या जोडीला शेडमधील विष्ठेचे नमुने पक्षी विक्रीला जाण्यापूर्वी तपासले जावेत. स्वीडनमध्ये १९५३ साली एका कत्तलखान्यातून पसरलेल्या साल्मोनेलाने सुमारे ९,००० लोक आजारी पडले व सुमारे ९० दगावले; तेथील कडक साल्मोनेला नियंत्रण त्या धक्क्यातून उभे राहिले. आपण तशा धक्क्याची वाट पाहू नये. तपासणीऐवजी खाद्यात प्रतिजैविके मिसळण्याची पळवाटही नको. २०१९ साली केंद्राने पशुपालनात कोलिस्टिन या प्रतिजैविकावर बंदी घातली, ती प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंच्या भीतीनेच.

आदेश काढण्यापूर्वी वडोदरा जिल्ह्यातील लहान शेडमालक, टेम्पोवाले आणि दुकानदार यांना एकत्र बोलवावे. क्रेट टेम्पोवाल्याचे, घाण शेडची आणि पाणी दुकानदाराचे, अशा स्थितीत धुण्याचा खर्च कोणी सोसायचा, हे त्या बैठकीतच ठरावे.

आपला नम्र,
दांडिया बाजार, वडोदरा येथील एक रहिवासी

प्रत : आयुक्त, वडोदरा महानगरपालिका, खंडेराव मार्केट