खालच्या मजल्यावरच्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

त्या दुपारी तुम्ही आलात ते खरं तर तक्रार घेऊन. हॉलमध्ये आम्ही मांडलेल्या छोट्या गोल्फच्या चेंडूची ठकठक तुमच्या डोक्यावर तासभर चालली होती. दार उघडताना मी माफीचे शब्दच जुळवत होते. पण तुम्ही आत डोकावलात, हॉलभर पसरलेले पुठ्ठे, पुस्तकं, आडवा ठेवलेला पेला पाहिलात आणि चष्मा सावरत चक्क फरशीवर पालथे झोपलात. "चेंडूला काय दिसतं ते बघू द्या."

गोल्फचा चेंडू ४६ ग्रॅमच्या आसपास, तो आपटणारच. त्याआधी आम्ही टेबल टेनिसचा घेतला होता. तो तीन ग्रॅमचाही नाही, पंखा लावला की आपापलाच खेळायचा. रबरी चेंडू तुम्ही सुचवलात. (त्यात तुमच्या दुपारच्या झोपेचा स्वार्थ होता, हे मला कळलं बरं का.)

मग पेला. "खऱ्या गोल्फमध्ये भोक १०८ मिलिमीटरचं असतं, आणि पोरांना तुम्ही यात मारायला लावताय?" रुंद तोंडाचा डबा आला. आत गेलेला चेंडू बुडाला आपटून परत यायचा, म्हणून तुम्ही आत जुना मोजा कोंबलात.

पुठ्ठ्याच्या चढावर चेंडू दर वेळी पायथ्याशीच अडायचा. आम्ही टोला जोरात मारत राहिलो. तुम्ही पुठ्ठ्याच्या कडेवरून नुसता अंगठा फिरवलात. तिची जाडीच चेंडूला पायरी होत होती! लाटण्याने कड चेपून वर चिकटपट्टी लावली आणि चेंडू हलक्या हाताने वर चढला. चढ मध्ये खचू नये म्हणून खाली रद्दीही तुम्हीच सारलीत.

सगळ्यात आवडला तो आरसा. वळणावर पुस्तकांची भिंत होती. ती सरकायची आणि टोल्याचा जोर खाऊन टाकायची. तिथे जड फळी उभी केलीत, तिला आरसा टेकवलात आणि धाकटीला म्हणालात, "आरशात डबा दिसतोय ना? तिथेच मार." आरसा काढला, तिने फळीवरच्या त्याच जागी मारलं. चेंडू उलटून थेट डब्यात. चेंडू थोडा इकडेतिकडे जातोच, पण त्या दिवशी गेला नाही.

मनापासून आभार, काका. एक मात्र सांगायला हवं. त्याच वळणावर तुम्हाला सात टोले लागले, ते टोले मोजायच्या वहीत तसेच आहेत. "एक खोडू का?" म्हणून मी विचारलं, तर धाकटी वही घेऊन पळाली. फळी अजून जागेवर आहे. रविवारी या.

तुमची,
वरच्या मजल्यावरची