पद्मिनी म्हणून विकलेलं किट पद्मिनीचं नाही

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी
(कंपनीचं नाव व पत्ता सोबतच्या देयकावर आहे त्याप्रमाणे)

दिनांक : १४ जुलै २०२५

विषय : १/२४ प्रमाणातल्या ‘प्रीमियर पद्मिनी, मुंबई टॅक्सी, १९७० चं दशक’ या रेझिनच्या (साच्यात ओतलेल्या प्लास्टिकच्या), घरी जोडायच्या मॉडेल किटमधली चुकीची बॉडी, चुकीचा डॅशबोर्ड आणि सदोष डेकल (पाण्यात सोडून चिकटवायची, पातळ फिल्मवर छापलेली अक्षरं) बदलून मिळण्याबाबत.

महोदय,

वरील किट मी तुमच्या संकेतस्थळावरून ७,४०० रुपयांना घेतलं. खोका वेळेवर आला, पॅकिंग उत्तम होतं, एकही भाग मोडलेला नव्हता. त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. खोक्यावर ज्या गाडीचं नाव छापलंय ती गाडी आत नाही, ही माझी तक्रार आहे. तुमच्या ग्राहकसेवेनं आधी पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन देऊ केलं आणि मी ते नाकारल्यावर पूर्ण परतावा. मी दोन्ही घेतलेलं नाही. मला पैसे परत नकोत, पद्मिनी हवी आहे, आणि ती देणं तुम्हाला शक्य आहे असं मला वाटतं. म्हणून थेट तुम्हाला लिहितोय.

संकेतस्थळावर तुम्ही लिहिलंय : ‘प्रत्यक्ष गाडीवरून मापं घेऊन बनवलेलं.’ हे वाक्य वाचूनच मी पैसे मोजले. पद्मिनीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर २,३४० मिलिमीटर आहे आणि गाडीची रुंदी १,४६० मिलिमीटर. कागदावरच्या आकड्यावर विसंबायला नको म्हणून मी पुण्यातल्या एका मित्राच्या पद्मिनीला टेप लावून चाकांचं अंतर ताडून पाहिलं, ते बरोबर आहे. २४ नं भागलं तर किटमध्ये चाकांचं अंतर ९७.५ मिलिमीटर आणि रुंदी जवळजवळ ६०.८ मिलिमीटर यायला हवी. तुमच्या बॉडीवर व्हर्निअर कॅलिपर लावला तर चाकांच्या कमानींच्या मध्यांतलं अंतर ९४.५ भरतं आणि रुंदी ५९. चाकांच्या अंतरात तीन मिलिमीटर कमी म्हणजे खऱ्या गाडीत सात सेंटिमीटरांहून जास्त कमी. एवढ्यानं मागचं दार आखूड झालंय आणि मागचं चाक दाराला चिकटून बसल्यासारखं दिसतं.

तुमच्या ग्राहकसेवेचं उत्तर असं आलं की काही कंपन्या १/२५ प्रमाण वापरतात, त्यामुळे थोडा फरक दिसू शकतो. अमेरिकी किट पूर्वीपासून १/२५ मध्ये निघतात आणि जपानी बहुतेक १/२४ मध्ये, हे हा छंद करणाऱ्या कुणालाही माहीत असतं. पण १/२५ नं अंतर ९३.६ येतं. तुमची बॉडी धड १/२४ नाही आणि धड १/२५ नाही. शिवाय त्याच खोक्यातला चॅसिस, म्हणजे चाकं बसवायचा खालचा सांगाडा, अचूक ९७.५ चा आहे! म्हणजे एकाच किटमधली बॉडी आणि चॅसिस एकमेकांना बसत नाहीत. पुढची चाकं कमानीच्या मधोमध धरली की मागची चाकं कमानीच्या मागच्या कडेला घासतात. मागची नीट धरली की पुढचं चाक बंपरकडे सरकतं. बॉडी गरम पाण्यात घातल्यामुळे आक्रसली असेल, अशी शंका तुम्ही घ्याल म्हणून सांगतो, ही सगळी मापं मी बॉडी साबणाच्या पाण्यानं धुण्याआधी घेतली आहेत. फोटोत कॅलिपरवरचा आकडा आणि बॉडीला चिकटलेलं साच्याचं तेल, दोन्ही दिसतंय.

लांबी आणि रुंदी दोन्ही सारख्याच प्रमाणात, साधारण तीन टक्क्यांनी कमी आहेत. मापं घेताना चूक झाली असती तर एखादं माप चुकलं असतं, सगळी मिळून एकाच हिशेबानं लहान झाली नसती. सिलिकॉनच्या साच्यात ओतलेलं रेझिन मूळ नमुन्यापेक्षा किंचित आक्रसतं. त्या ओतीव भागाचाच पुन्हा साचा केला तर पुढची प्रत आणखी लहान होते. असं वारंवार केलं की कडा बोथट होतात, दारांच्या फटी भरत येतात आणि गाडी सगळ्या बाजूंनी बारीक होत जाते. तुमच्या बॉडीवर या सगळ्या खुणा आहेत. बॉनेटच्या कडेची फट बोटाला लागतसुद्धा नाही, सुईच्या टोकानं चाचपडावी लागते. मी कुणावर आरोप करत नाही. ही बॉडी तुमच्या स्वतःच्या मूळ नमुन्यावरून थेट ओतलेली आहे की आधीच ओतलेल्या एखाद्या बॉडीवरून, एवढा एकच प्रश्न मी सरळ विचारतोय. त्याचं सरळ उत्तर द्या.

हाताला सवय असलेला माणूस किटमधलं पुष्कळ काही सुधारू शकतो. सुधारणा करण्यातच या छंदाची अर्धी मजा आहे. तुम्ही दिलेलं टपावरचं कॅरिअर जाडजूड होतं, मी ते बाजूला ठेवून अर्ध्या मिलिमीटरच्या पितळी तारेचं नवं झाळून केलं. बॉनेटच्या डाव्या अंगाला, काचेजवळ बाहेर लावलेला जुना मीटर तुम्ही नुसता ठोकळा म्हणून दिलाय, त्याला भाडं सुरू करताना खाली पाडायचा झेंडाही नाही. तो मी प्लास्टिकच्या पट्टीतून घडवला. हवेच्या बुडबुड्यांची भोकं भरली, कमानींच्या कडा आतून कानशीनं पातळ केल्या. यातल्या कशाचीही मी तक्रार करत नाही. पण तीन टक्क्यांनी लहान झालेली बॉडी मोठी करता येत नाही. मधे कापून पट्टी घातली तर दारांच्या रेषा तुटतात, आणि रुंदी तरीही कमीच राहते.

आता दारांबद्दल. पद्मिनीचं पुढचं दार समोरच्या खांबाला बिजागरीनं अडकवलेलं असतं, त्यामुळे मूठ दाराच्या मागच्या कडेला येते. तुमच्या बॉडीवर पुढच्या दाराची मूठ पुढच्या कडेला, आरशाच्या जागेखाली आहे आणि बिजागरीचे उंचवटे मधल्या खांबावर आहेत. उलटं उघडणारं दार १९५४ च्या फियाट ११०० चं, जिला मुंबई-पुण्यात आपण सगळे डुक्कर फियाट म्हणतो तिचं. ती गाडीही मला प्रिय आहे. तुम्ही तिचं किट काढलंत तर मी तेही घेईन. पण कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९७४ च्या सुमारास पद्मिनी हे नाव लावून गाड्या बाहेर पडू लागल्या तेव्हा ही दारं केव्हाच गेली होती. पुढची जाळी पद्मिनीची आणि दारं डुक्कर फियाटची अशी गाडी रस्त्यावर कधी धावलेली नाही.

आतला भाग तर त्याहून वाईट आहे. डॅशबोर्डवर स्टिअरिंगचं भोक आणि वेगाचा काटा डाव्या बाजूला आहे. मुंबईच्या टॅक्सीचं स्टिअरिंग डावीकडे! तुमच्या ग्राहकसेवेनं सुचवलं की डॅशबोर्ड उलटा करून बसवा. तो एकाच बाजूनं कोरलेला भाग आहे, उलटा केला की सगळं नक्षीकाम इंजिनाकडे तोंड करून बसतं. गिअरचा दांडा जमिनीतून वर आलेला दिलाय. शेवटच्या काळातल्या काही पद्मिनींना खाली गिअर होता हे मलाही ठाऊक आहे, पण खोक्यावर १९७० चं दशक लिहिलंय, आणि त्या टॅक्सीचा गिअर स्टिअरिंगच्या नळीवर, चालकाच्या डाव्या हाताशी असायचा. त्यामुळेच पुढच्या सलग बाकावर चालकाशेजारी माणसं दाटीवाटीनं बसू शकायची.

हे किट मी मामांसाठी करतोय. त्यांनी उमेदीची सगळी वर्षं दादरच्या स्टँडवर टॅक्सी चालवली. बॉडी, चॅसिस आणि आतला भाग मास्किंग टेपनं तात्पुरते जोडून मी त्यांच्या हातात दिले. त्यांनी गाडी डोळ्यांजवळ नेली, खिडकीतून आत पाहिलं आणि डावा हात हवेत गिअर टाकल्यासारखा वर करून विचारलं, “अरे, गिअर कुठंय? आणि मी बसायचं कुठं?” ज्यांनी ही गाडी चालवली आहे त्यांना एका नजरेत कळतं ते तुमच्या कुणाच्याच लक्षात आलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. आता स्टँडवर जाऊन गाडी पाहण्याची सोय उरलेली नाही. पुढच्या मुलांना ही टॅक्सी कशी होती ते अशा मॉडेलांतूनच कळणार. म्हणून चूक छोटी आहे, खेळण्यातली आहे असं कृपया म्हणू नका.

डेकलचं सांगतो. सगळी गाडी होईपर्यंत थांबावं, एक डेकल आधी टाकाऊ तुकड्यावर लावून पाहावं, हा माझा नियम आहे. नंबरप्लेटचं डेकल कोमट पाण्यात सोडलं आणि कागदावरून सुटता सुटता त्याचे बारीक तुकडे झाले. तुमचं उत्तर आलं, ‘डेकल मऊ करणारं द्रावण वापरा.’ ते द्रावण डेकल पृष्ठभागावर बसल्यानंतर लावायचं असतं. पाण्यातच फुटणारं डेकल त्यानं वाचत नाही, फिल्मच कडक झालेली आहे. उरलेल्या पानावर मी पारदर्शक लॅकरचा हात मारून ठेवलाय, पण ते लावून उपयोग नाही, कारण त्या प्लेटवर ‘एमएच ०१’ छापलंय. एमएच ही अक्षरं १९८९ नंतरची आहेत. सत्तरच्या दशकातल्या मुंबईच्या टॅक्सीवर ती असूच शकत नाहीत.

एक गोष्ट मात्र पैशांपलीकडची आहे, आणि ती तुम्ही आजच्या आज सुधारावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. तुमच्या माहितीपत्रकात भाग जोडायला प्लास्टिक सिमेंट वापरा असं लिहिलंय. ते सिमेंट पॉलिस्टायरिन विरघळवून सांधतं, पॉलियुरेथेन रेझिनवर त्याचा काहीच परिणाम होत नाही. इथे फेविक्विकसारखा सायनोॲक्रिलेट गोंद किंवा दोन घटकांचा इपॉक्सी लागतो. ही चूक झाली तर फक्त मॉडेल सुटून पडेल. पण त्याच पत्रकात बॉडी कोरड्या पॉलिश पेपरनं घासा असंही आहे, आणि मास्कचा कुठे उल्लेख नाही. रेझिनची धूळ फुप्फुसात जाणं चांगलं नाही. रेझिन नेहमी वॉटर पेपरनं, पाणी लावून घासायचं, तोंडावर मास्क हवा आणि नंतर टेबल ओल्या फडक्यानं पुसायचं. खोक्यावर ‘१४ वर्षांवरील’ असं छापलंय. शाळेतली मुलं हे किट घरी बंद खोलीत बसून घासतील. माझा भाग बदलून द्यायला वेळ लागला तर लागू दे, पण हे पत्रक आधी बदला आणि ज्यांनी किट घेतलंय त्या सगळ्यांना ईमेल करा.

तुमच्या किटमधला कोरीव पितळी पत्रा अप्रतिम आहे, हेही मी तितक्याच मोकळेपणानं सांगतो. पुढची जाळी, वायपर, दारातल्या तिकोनी काचेची चौकट, सगळं कागदासारखं पातळ आणि मापात. चाकांच्या टोप्याही सुरेख आहेत. ज्यानं कुणी हा पत्रा आखला त्याला पद्मिनी ठाऊक आहे. त्याच माणसाच्या हातात बॉडी आणि डॅशबोर्डही द्या. इथल्या छंदिष्टांना आजवर बाहेरच्या गाड्यांची किटं सीमाशुल्क भरून मागवावी लागतात. आपल्याकडची गाडी आपल्याकडच्या कंपनीनं काढली म्हणून मी ती पहिल्याच दिवशी मागवली होती.

तेव्हा मला खऱ्या १/२४ मापाची, बरोबर दारांची बॉडी पाठवा, तिच्याबरोबर उजव्या स्टिअरिंगचा डॅशबोर्ड, नळीवरचा गिअर आणि न फुटणारं, त्या काळाच्या नंबराचं डेकल. नवीन बॉडी तयार व्हायला काही महिने लागणार असतील तर तसं लेखी कळवा, मी थांबेन. पण तोवर संकेतस्थळावरचं ‘प्रत्यक्ष गाडीवरून मापं घेऊन’ हे वाक्य काढा. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार वस्तूचं खोटं वर्णन करणं ही दिशाभूल करणारी जाहिरात ठरते. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करणं तुमच्यावर बंधनकारक आहे. त्या मुदतीत उत्तर आलं नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवेन आणि पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करेन. तक्रारदार राहतो तिथेच अर्ज करता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, हे मी पाहून ठेवलंय.

देयकाची प्रत, कॅलिपरसह मापांचे फोटो, खऱ्या पद्मिनीच्या दाराचे आणि डॅशबोर्डचे फोटो, फुटलेल्या डेकलचा फोटो आणि तुमच्या ग्राहकसेवेशी झालेला सगळा पत्रव्यवहार सोबत जोडला आहे. बॉडी, डॅशबोर्ड आणि डेकलचं पान मूळ खोक्यात भरून ठेवलंय. कमानींची कानस आणि बुडबुड्यांची भोकं भरणं सोडता बॉडीवर दुसरं काम झालेलं नाही, रंग लावलेला नाही. परतीचं कुरिअर तुम्ही कुठून उचलणार ते कळवा.

आपला,
(सही)
पुणे