दिवाळीच्या रात्री पटांगणात पाणी, वाळू आणि माणसं हवीत

लालबागच्या आपल्या चाळीतल्या सर्व रहिवाशांना आणि इथून विरार-डोंबिवलीला राहायला गेलेल्या, पण दिवाळीला हमखास येणाऱ्या जुन्या बिऱ्हाडांना सप्रेम नमस्कार.

यंदा फटाके फक्त पटांगणात आणि फक्त रात्री ८ ते १० या वेळेत वाजवायचे, असं मंडळाच्या सभेत ठरलं आहे. ही वेळ आमच्या मनची नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये ती घालून दिली आणि फटाक्यांच्या माळांवर बंदी आणली. २०२३ च्या दिवाळीत मुंबई उच्च न्यायालयानेही मुंबईसाठी ८ ते १० हीच वेळ ठेवली. पण फलकावर नियम लिहून भागत नाही. ते दोन तास कोणीतरी पाणी घेऊन उभं राहावं लागतं. त्यासाठी हे मागणं.

गेल्या लक्ष्मीपूजनाला दुसऱ्या मजल्यावर वाळत घातलेल्या चादरीत रॉकेट शिरलं. खालची बाटली कलंडली, एवढंच निमित्त. शेजारच्या वहिनींनी धुण्याची बादली ओतली म्हणून निभावलं. आपले जिने लाकडी, जिन्याखाली जुन्या गाद्या नि पुठ्ठे, गॅलरीत पावसाळ्यातली ताडपत्री अजून तशीच. गल्लीत दुतर्फा बाइक लावलेल्या. अग्निशमन दलाचा बंब आत येणार कसा?

त्याच रात्री तळमजल्यावरचा एक मुलगा न पेटलेला पाऊस वाकून बघायला गेला आणि तो हातावरच फुटला. घरच्यांनी घाबरून टूथपेस्ट फासली. दवाखान्यात आधी ती पेस्ट काढावी लागली. पोर इतकं कळवळत होतं की सोबत गेलेल्यांना बघवेना. भाजल्यावर लागतं ते साधं गार पाणी, धार धरून वीस मिनिटं. बर्फ नको, हळद नको, शाई तर नकोच. आणि आपली अडचण नेमकी इथे आहे: पाणी सकाळी येतं, रात्री नळ कोरडे.

म्हणून पटांगणात दोनशे लिटरचे चार ड्रम ठेवायचे आहेत. रिकामे ड्रम कोणाकडे असतील तर द्या, सकाळी भरून ठेवायला तरुण मुलं लागतील. वाळूच्या बादल्या, जाड सुती चादरी, पाणी ओतायला तोट्या लावलेले डबे हवेत. प्रत्येक मजल्यावर एक अग्निशामक नळकांडं घ्यायचं आहे आणि आहेत त्यांत पावडर नव्याने भरून घ्यायची आहे. सगळ्यात जास्त पैसा इथे लागेल. फुलबाजीच्या तारांसाठी वेगळी बादली असेल. ती आपण लहानग्यांच्या हाती बिनधास्त देतो, पण तिच्या ठिणग्या हजार अंश सेल्सिअसच्या घरात तापतात आणि विझलेली तार अनवाणी पायाखाली आली की कातडी सोलून निघते.

माणसं मात्र पैशांपेक्षा जास्त हवीत. मोठ्यांपैकी दोघादोघांनी एकेक दिवस वाटून घ्यावा. फुसके फटाके गोळा करून त्यांतली दारू कागदावर काढणाऱ्या पोरांवर डोळा ठेवायचा, न पेटलेल्याला हात लावू द्यायचा नाही, त्यावर लगेच पाणी. मुलांना सुती कपडे घाला, ही आयांना खास विनंती. वसुबारसेच्या आधी जिन्याखालचं सामान आणि गॅलरीतली ताडपत्री काढून टाका. ज्यांना एकट्याने जमणार नाही अशा आजी-आजोबांनी निरोप द्यावा, आम्ही येऊन उचलू.

आग लागली तर १०१, रुग्णवाहिकेसाठी १०८. मोठं भाजलं असेल तर भायखळ्याच्या मसिना रुग्णालयात भाजलेल्यांसाठी स्वतंत्र विभाग आहे, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या.

वर्गणी ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे, सक्ती कोणावरही नाही. तळमजल्यावरच्या मंडळाच्या खोलीत रोज रात्री ८ नंतर द्यावी आणि पावती मागून घ्यावी. कोणत्या वस्तूला किती लागले याचा हिशेब भाऊबीजेनंतरच्या रविवारी फलकावर लागेल.

आपली नम्र,
कार्यकारिणी, रहिवासी मंडळ